गच्चीवरचं पॅराशूट

शकुनताईंनी बादलीतून कापडाचा आणखी एक हात वर ओढला आणि पिळायला घेतला. पाणी निघतच होतं. कोलकात्यात, बेहालातल्या त्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर वाळत घालायच्या तीन दोऱ्या होत्या. तिन्ही भरल्या तरी बादलीत निम्मं कापड शिल्लक होतं. पांढरं, पातळ, साडीपेक्षा हलकं. ओलं झाल्यावर मात्र हाताला पेलत नव्हतं. त्याच्या कडेला लटकणाऱ्या बारीक दोऱ्या गुंतू नयेत म्हणून त्यांनी धुण्याआधी त्यांची वेणी घातली होती आणि शेवटी केसांचं रबर लावलं होतं.

कठड्याशी खालच्या मजल्यावरची मृणाल डाळीचे सांडगे उलटे करत होती.

“मासीमा, अभी से पंडाल? पूजा तो बहुत दूर है!”

“जगह बुक कर रही हूँ,” शकुनताई म्हणाल्या. मृणाल हसत हसत ताट उचलून खाली गेली.

तिला वाट देऊन सलील जिन्यातून वर आला. हातात चहाचा कप होता. दोन पावलं टाकून तो थांबला. दोऱ्यांकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं, वेणीकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

“आई, ते माझं राखीव पॅराशूट आहे.”

“माहीत आहे. पलंगाखाली पिशवीत कोंबलेलं होतं. चिखल, गवत, सगळं तसंच. वास यायला लागला होता.”

“बरं,” तो म्हणाला. कप कठड्यावर ठेवून त्यानं बादलीतलं दुसरं टोक उचललं आणि उलट्या बाजूनं पीळ दिला.

शकुनताईंनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. हातांकडे पाहिलं. हात नीट काम करत होते.

तीन आठवड्यांपूर्वी त्या साताऱ्याहून त्याच्याकडे आल्या, तेव्हापासून तो असाच होता. सकाळी उठायचा, लॅपटॉप उघडायचा, सेक्टर फाइव्हच्या ऑफिसला जायचं असेल त्या दिवशी जायचा, ताटात पडेल ते जेवायचा. अनुजापासून घटस्फोट झाला त्याला चार वर्षं झाली होती. पण तेव्हा तो भांडत होता, रडला होता, शकुनताईंशी बोलता बोलता एकदा फोन आपटला होता. आता तसं काहीच नव्हतं. काय झालं म्हणून विचारलं तर “कुठे काय?” म्हणायचा, आणि ते खरं वाटायचं. मतं मात्र होती. मेट्रोचं भाडं, इलिश मासा, निवडणूक, कशाबद्दलही विचारलं की मत मिळायचं. गरम नाही, गार नाही.

वर्षातून दोन-तीनदा तो विमानातून उडी मारायला हरियाणातल्या एका मैदानावर जायचा. दहा वर्षांचा छंद. या शुक्रवारी पुन्हा निघणार होता.

“पलंगाखाली एक बाटलीही आहे,” शकुनताई म्हणाल्या. “खोक्यात. उघडलेली नाही.”

“उघडायची नाहीच. ती अजेयची आहे.”

“अजेय कोण?”

“राखीव पॅराशूट भरून देतो तो. मोठं पॅराशूट आपलं आपण भरलं तरी चालतं. राखीव मात्र शिकलेल्या माणसाकडूनच भरून घ्यायचं. आणि ते कधी वापरावं लागलं, तर भरणाऱ्याला त्याच्या आवडीची बाटली द्यायची. पद्धत आहे तशी.”

“जिवाच्या बदल्यात बाटली?”

“जगभर हीच पद्धत आहे.”

“मग दिली का नाहीस? तुझं उघडलं त्याला तीन महिने झाले.”

सलीलनं पीळ सोडला, कापड झटकलं. थेंब उडाले.

“तो गयेजवळ राहतो. बिहारमध्ये बंदी. गाडीत सापडली तर थेट आत. गंमत बघ, इकडे कायदेशीर, सहा-सात तास गाडीत बसलं की गुन्हा. बाटली तीच. गुजरातेत परवाना लागतो. आपल्याकडे महाराष्ट्रात तर कागदावर प्यायलासुद्धा परवाना लागतो, कुणी काढत नाही ही गोष्ट वेगळी. आणि पंचवीस वर्षं पूर्ण लागतात. एकविसाव्या वर्षी लग्न चालतं, व्हिस्की चालत नाही.”

“म्हणजे लग्न करून चार वर्षं शुद्धीवर राहायचं.”

“तेच.”

तो हसला नाही. शकुनताईही हसल्या नाहीत. दोघांनी मिळून ते टोक दोरीवर टाकलं.

“त्याला पेढे ने,” त्या म्हणाल्या.

“बाटलीच द्यायची असते.”

“मग त्याला इकडे बोलाव. इथे चालते ना?”

“बघू.”

“आणि हे? हे पुन्हा भरायला त्याच्याकडेच जाणार ना?”

“नाही. दिल्लीत दुसरा एक आहे. शुक्रवारी जाता जाता त्याच्याकडून भरून घेईन.”

“अजेयकडून का नको?”

“तो फार बोलतो.” सलील बादलीवर वाकला. “राखीव उघडलं की कसं उघडलं, का उघडलं, सगळं विचारत बसतो.”

शकुनताईंनी चिमटे उचलले. एक लावला, दुसरा लावला. आयुष्यभर त्यांनी पहिली ते चौथीची मुलं शिकवली होती. मुलाला प्रश्न घाईनं विचारायचा नाही, त्याच्या हातात काहीतरी काम देऊन मग विचारायचा, एवढं त्यांना कळत होतं.

इथे आल्यावर दुसऱ्याच रविवारी त्यांनी त्याला म्हटलं होतं, मला शिकव तुझं हे पॅराशूट. त्यानं हॉलमध्ये सगळं सामान मांडून दाखवलं होतं. अगदी समजावून, पायरीपायरीनं. शिकवणं त्याला त्यांच्याकडून आलं होतं. उंची कमी झाली की ही मूठ ओढायची, मोठं उघडतं. मोठ्यात बिघाड झाला तर ही दुसरी मूठ, राखीव उघडतं. आणि पाठीवर एक लहानशी डबी असते. ती स्वतःच उंची आणि वेग मोजत असते. जमीन फार जवळ आली आणि माणसानं तोवर काहीच केलं नसेल, तर ती राखीव उघडते.

काहीच केलं नसेल तर, असं शकुनताईंनी पुन्हा एकदा म्हणून पाहिलं होतं. तो म्हणाला होता, हो, बेशुद्ध वगैरे पडला तर.

आता त्यांनी तिसरा चिमटा लावला.

“दसऱ्याच्या सुमारास तू फोनवर म्हणालास, राखीव उघडलं. ते मुठीनं उघडलं की डबीनं?”

“डबीनं.”

“मोठं बिघडलं होतं?”

“नाही.”

“बेशुद्ध पडला होतास?”

“नाही गं.” त्यानं चिमट्यांची पिशवी त्यांच्या हातातून घेतली. “फोटो काढत होतो. लक्ष गेलं नाही.”

“कशाचे?”

“माझ्याबरोबर उडी मारणाऱ्यांचे. हवेत काढलेले फोटो लोकांना आवडतात. सगळे हसताना दिसतात. खरं तर वाऱ्यानं गाल मागे जातात, लोक त्याला हसणं म्हणतात.” त्यानं एक चिमटा लावला. “मला विचारशील तर माणूस कॅमेऱ्याकडे बघायला लागला की फोटो संपला. बघत नसतो तेव्हाच काय तो फोटो. पण तसा कुणी विकत घेत नाही.”

“दाखव ना. त्या दिवसाचे.”

“नीट आले नाहीत.”

“वाईट आलेले दाखव.”

“काढून टाकले, आई.”

तो हे मेट्रोच्या भाड्याबद्दल बोलावं तसं बोलला. शकुनताईंनी मान हलवली. आणखी विचारलं तर आणखी उत्तरं मिळतील, आणि सगळी अशीच असतील, हे त्यांना दिसत होतं.

बादली रिकामी झाली. कापडाचा शेवटचा मोठा भाग घालायला दोरीवर जागा नव्हती, तेव्हा दोघं दोन टोकं धरून उभे राहिले. मध्ये कापड झोळीसारखं पसरलं होतं. त्याच्या कडेला शिवलेल्या पट्टीवर छापील अक्षरं होती. सलीलनं ती अंगठ्यानं पुसली.

“बघ, यावर लिहिलेलं असतं. धुवायचं नाही म्हणून. इंग्रजीत आहे, तुझं लक्ष गेलं नसेल.”

“वाचलं मी.”

“कधी?”

“साबण घालायच्या आधी.”

सलीलनं वर पाहिलं. आज पहिल्यांदा त्यानं त्यांच्याकडे नीट पाहिलं.

“मग?”

त्यांनी कापडाला पडलेली चुणी ताणून सरळ केली.

“आई, साबणानं कापड खराब होतं. हवा धरत नाही. हे उघडेल की फाटेल, कुणीही सांगू शकणार नाही.”

“म्हणजे दिल्लीचा माणूस भरून देणार नाही.”

“कुणीच देणार नाही.”

“बरं झालं.”

“तिथे भाड्यानं मिळतं सगळं,” तो म्हणाला.

हे त्यांना माहीत नव्हतं. हातातलं टोक त्यांनी आणखी घट्ट धरलं. पाण्याचा ओघळ कोपरापर्यंत आला, तो तसाच राहू दिला.

“लहान मुलाच्या हातातून कात्री ओढून घ्यावी तसं केलंस तू,” तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण त्याला कुठेतरी धार होती.

“शाळेत मी कात्री कधी ओढून घेतली नाही. मागायची. मूल देतं.”

“मग मागायचं होतंस.”

“दिलं असतंस?”

सलीलनं खरोखर विचार केला. ते दिसलं.

“दिलं असतं,” तो म्हणाला. “काहीही मागितलं असतंस तरी दिलं असतं.”

“म्हणून नाही मागितलं.”

खाली रस्त्यावर ऑटोवाला ठाकूरपुकुरचं नाव घेऊन ओरडत होता. एका हातात टोक सांभाळत सलीलनं खिशातून फोन काढला आणि पांढऱ्या कापडानं भरलेल्या त्या गच्चीचा फोटो काढण्यासाठी वर धरला.

“कशाला?”

“अजेयला पाठवतो. त्यानं भरलेलं होतं. त्याला कळायला हवं, काय झालं ते. इकडे बघू नकोस.”

त्या बघत राहिल्या. त्यानं तसाच काढला.

मिनिटभरात फोन वाजायला लागला. सलील पडद्याकडे बघत उभा राहिला. वाजून वाजून फोन बंद झाला. पुन्हा वाजायला लागला. शकुनताई ‘घे’ म्हणाल्या नाहीत. त्या वेणीच्या टोकाचं रबर नीट करू लागल्या, जणू ते निसटलं होतं.

“हे धर,” म्हणत सलीलनं आपलं टोक त्यांच्या हातात दिलं.

“हाँ, अजेयभाई.”

फोनमधून हसण्याचा गडगडाट बाहेर ऐकू आला. सलील पाण्याच्या टाकीकडे चालायला लागला. “हाँ, माँ ने. साबुन से. नहीं, मैंने नहीं बताया था. चोटी भी बनाई है, देखा ना?” पुन्हा तो गडगडाट. मग तो टाकीच्या पलीकडे गेला, आणि हसणं ऐकू येईनासं झालं.

दोन्ही टोकं एकटीनं धरायची म्हणजे हात पसरून वर ठेवावे लागत होते. कापड खाली सुटलं तर गच्चीवरची धूळ लागली असती. आता लागली काय नि न लागली काय. तरी शकुनताई तशाच उभ्या राहिल्या.

टाकीमागून आवाज येत नव्हता. अजेय काहीतरी विचारत असावा. मोठ्या रस्त्याच्या वरच्या पुलावरून मेट्रो निघाली, तिची घरघर गच्चीभर झाली. त्या घरघरीत सलीलनं काही सांगायला सुरुवात केली होती, पण शब्द कळले नाहीत. मेट्रो पुढे गेली. मग ऐकू आलं, सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं.

“नहीं, हैंडल ठीक था. फोटो-वोटो कुछ नहीं ले रहा था. सब दिख रहा था मुझे. बस, हाथ नहीं उठाया मैंने.”

पलीकडचं बोलणं ऐकू येणं शक्य नव्हतं. फोन त्यानं ठेवला नव्हता, एवढं टाकीच्या कडेनं दिसणाऱ्या त्याच्या कोपरावरून कळत होतं.

शकुनताईंचे दंड भरून आले होते. त्यांनी एक पाऊल मागे घेतलं, कापड पुन्हा ताणलं, आणि ते तसंच वर धरून ठेवलं.