आठवी जोडी

“आधी नाव, मग रक्त. आणि जागेवर विसंबू नकोस गं. जागा हलते, लिहिलेलं हलत नाही.”

शिकवणाऱ्या बाईंना जाऊन दहा वर्षं झाली, तरी कुपी हातात घेतली की त्यांचा आवाज तिच्या कानाशी यायचाच. त्या आवाजापायीच प्रयोगशाळेत तिचं नाव ‘पुन्हाबाई’ पडलं होतं. लावलेलं कुलूप ती पुन्हा ओढून बघे, बंद केलेला नळ पुन्हा आवळे, मोजलेलं तर दोनदा मोजेच. आणि नेमकी तीच, त्या सोमवारी, चोवीस कुप्यांवर नुसते आकडे घालून मोकळी झाली होती.

काम नवं होतं. गरोदरपणात फ्लूची लस घेतलेल्या बारा जणींचं बाळंतपणाच्या वेळी थोडं रक्त घेतलेलं, आणि थोडं नाळेतलं. नाळेतलं रक्त म्हणजे बाळाचंच. आईच्या अंगात लसीनं जी प्रतिपिंडं तयार झाली, त्यातली किती बाळापर्यंत पोचली, एवढंच बघायचं होतं. डाव्या स्टँडमध्ये आया, एक ते बारा. उजव्यात बाळं, एक ते बारा. ‘आई’ आणि ‘बाळ’ लिहायचा तेवढा तिनं कंटाळा केला. डावं-उजवं लक्षात राहायला काय लागतं!

मग आगीच्या सरावाची घंटा वाजली, सगळे अंगणात जाऊन उभे राहिले, आणि परत आल्यावर टेबल लख्ख पुसलेलं होतं.

त्याचं तिला तेव्हा काहीच वाटलं नाही. वाटलं ते बुधवारी, प्लेट वाचताना.

ही तपासणी तिला मनापासून आवडे. प्लेटमध्ये ओळीनं बारीक खळगे. पहिल्या खळग्यात रक्तातलं पाणी दहापट पातळ केलेलं, पुढच्यात वीसपट, मग चाळीस, ऐंशी, एकशे साठ, असं दुप्पट होत पुढे. प्रत्येकात मेलेला फ्लूचा विषाणू आणि वरून थोड्या लाल पेशी. विषाणू मोकळा असेल तर पेशींना धरून ठेवतो, खळगाभर लालसर साय पसरते. प्रतिपिंडांनी त्याला आधीच गाठलेलं असेल तर पेशी निमूट तळाशी जातात आणि गुंजेएवढा लाल ठिपका बसतो. ठिपका जितका लांबच्या खळग्यापर्यंत टिकेल, तितकं बळ जास्त.

बारापैकी नऊ जोड्यांत बाळाचा ठिपका आईच्या एक पाऊल पुढे होता.

“अहो, हे बघा,” तिनं शेजारच्या टेबलावरच्या रक्तगटवाल्याला हाक मारली. “आई ऐंशी, बाळ एकशे साठ.”

“शेरास सव्वाशेर!” तो म्हणाला. मग चष्मा वर करून, “पण पुन्हाबाई, आडात नाही ते पोहऱ्यात कुठून आलं?”

म्हणजे डावं उजवीकडे गेलं होतं की काय? ती उठली आणि जिन्याशी फरशी पुसणाऱ्या मावशींना गाठलं.

“मावशी, सोमवारी माझं टेबल पुसताना ते दोन पांढरे स्टँड उचलले होते का?”

“उचलले असतील की. पुसायचं म्हणजे उचलायलाच लागतं, ताई. फुंकर मारून पुसतात होय?”

“आणि ठेवताना डावं डावीकडेच ठेवलं?”

मावशींनी तिच्याकडे दयेनं पाहिलं. “दोन्ही सारखीच तर होती.”

ज्यांतून रक्त कुप्यांत काढलं त्या, नावं लिहिलेल्या मूळ नळ्या सोमवारीच संध्याकाळी जाळायला गेलेल्या. नाळ काही पुन्हा मिळायची नव्हती. बारा जणींनी विश्वासानं दिलेलं रक्त तिच्या एका आळसानं मातीत जाणार होतं.

तिनं हात धुतले, मोठ्या बाईंच्या खोलीत गेली आणि सगळं सांगून टाकलं. मोठ्या बाई, म्हणजे प्रयोगशाळेच्या मुख्य डॉक्टर, कागद बघत राहिल्या.

“बाळ आईच्या वर गेलं, त्याचं मला नवल नाही,” त्या म्हणाल्या. “आई आणि बाळामधली वार म्हणजे चाळणी नव्हे गं. चाळणी असती तर दोन्हीकडे सारखं झाल्यावर थांबली असती. वार हमाल आहे. आईकडचं उचलून चढणीवर बाळाकडे नेऊन टाकते. शेवटच्या दोन महिन्यांत तर दुहेरी पाळीत राबते.”

“मग बरोबरच आहे ना सगळं?”

“असेल. पण ‘असेल’वर मी सही करत नाही. आया घरी गेल्या, आणि एका पावलाच्या फरकावरून काही सिद्ध व्हायचं नाही. जिथे फरक मोठा आहे अशी जोडी आहे का?”

होती. दोन जोड्या बरोबरीच्या होत्या, आणि एक उलटी. आठवी. आई एकशे साठ, बाळ अवघं वीस. तिनं नोंदवही उघडली. बाळ दोन महिने आधी झालेलं, आईनं लस घेतल्यावर दोनच आठवड्यांनी. बाळ काचेच्या पेटीत, म्हणून आई अजून खालच्या मजल्यावरच होती.

“मग झालं तर,” मोठ्या बाई म्हणाल्या. “तिचं रक्त पुन्हा घे. एकशे साठ आलं तर स्टँड जागेवर होते. वीस आलं, तर अदलाबदल.”

आठवी आई शाळेची बस चालवायची. पलंगावर मांडी घालून ती पंपानं दूध काढत बसली होती.

“पुन्हा रक्त?” ती म्हणाली. “डास बरा, विचारत बसत नाही. काय चुकलं?”

“चुकलं असेल तर माझंच. तुमचं आणि बाळाचं अदलाबदल झालंय की काय, ते बघायचंय.”

“बाळ बदललं?”

“नाही हो! कुप्या, कुप्या.”

बसवाली खो-खो हसली आणि बाही वर केली. सुई आत जाताना मात्र तिनं विचारलं, “बाळाला पुरेसं मिळालं का पण? माझ्या बसमध्ये चाळीस पोरं शिंकतात. थोरली चार वर्षांची आहे, तीही रोज काहीतरी घेऊन येते. म्हणून तर टोचून घेतलं.”

हातातली नळी भरत होती. त्या लाल धारेकडे बघता बघता पुन्हाबाईच्या ध्यानात आलं. स्टँड बदलले असतील, तर एकशे साठ या बाळाचे. बदलले नसतील, तर याच्या वाट्याला वीसच. दुपारपासून ती देवाला आळवत होती, माझ्या हातून चूक झालेली नसू दे. आणि त्या मागण्याच्या दुसऱ्या टोकाला हे काचेच्या पेटीतलं लेकरू होतं.

“गप्प का झालात?” बसवाली म्हणाली. “तुमची चूक निघालेली बरी की न निघालेली?”

खोटं बोलवेना. “मला न निघालेली. बाळाला निघालेली.”

बसवालीनं कापूस दाबून धरला.

“मग जे निघेल ते तुम्हीच येऊन सांगा,” ती म्हणाली. “फोन नको, चिठ्ठी नको. बरं असो, वाईट असो.”

“येईन. परवा दुपारी. मीच येईन.”

या वेळी कुपीवर तिनं ‘आई’ लिहिलं, आकडा लिहिला, तारीख लिहिली. दुसऱ्या दिवशीही देवासमोर ती रोजच्यासारखीच बसली, पण काय मागावं ते कळेना. शेवटी काहीच न मागता उठली.

शुक्रवारी पेशी तळाशी बसायला पाऊण तास लागला. रक्तगटवाला आपलं काम टाकून मागे येऊन उभा होता. पहिल्या खळग्यात ठिपका. दुसऱ्यात ठिपका. तिसऱ्यात बसला तेव्हाच कळलं होतं, तरी ती बघत राहिली. चौथ्यात. पाचव्यात. सहाव्यात साय.

“एकशे साठ!” तो म्हणाला. “सुटलात, पुन्हाबाई! अहो, हसा की जरा.”

तिला हसू आलं नाही. कागद घेऊन ती मोठ्या बाईंकडे गेली. त्यांनी वाचला, सही केली आणि पेन खाली ठेवलं.

“हमालाला पाळी पुरी करायला वेळच मिळाला नाही,” त्या हळू म्हणाल्या. “आईनं सगळं वेळेवर केलं. बाळच घाईचं निघालं.”

“आता काय करता येईल?”

“सहा महिन्यांपर्यंत त्याला लस देता येत नाही. तोवर भोवतीच्यांनी भिंत व्हायचं. बापानं, थोरलीनं, घरात येणाऱ्या प्रत्येकानं टोचून घ्यायचं. शिंकणाऱ्याला दारातूनच परत. आणि तिचं दूध. त्यातलं रक्तात फारसं उतरत नाही, पण नाकाघशाशी पहारा करतं. पंप सोडू नको म्हणावं.” त्यांनी फोन उचलला. “मुलांच्या डॉक्टरांना मी कळवते. त्या सांगतील आईला.”

“आईला मी सांगते,” ती म्हणाली. “तसं बोलून आलेय.”

मोठ्या बाईंनी मान डोलावली.

तिनं पांढरा कोट काढून खुंटीला लावला. कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले. जेवायची सुट्टी नुकतीच झाली होती, लिफ्टपाशी गर्दी होती. ती जिन्याकडे वळली आणि कठड्याला धरून, एकेक पायरी, खाली उतरू लागली.