जाळीची शिवण

ट्रॅम्पोलीन मीच आणायला लावलं. सून नको म्हणत होती.

"आई, पोरं लहान आहेत. हाड-बिड मोडलं म्हणजे?"

"अगं, तुझ्या नवऱ्याने लहानपणी कुंपणाच्या भिंतीवरून उड्या मारल्यात. त्याला काय झालं? डोकं तेवढं ठिकाणावर नाही, पण ते जन्मापासूनच."

ती हसली आणि मी जिंकले. मी नेहमीच जिंकायचे.

परसात लोखंडाचं मोठं गोल कडं उभं राहिलं. त्यात ताणून बसवलेलं काळं कापड, कडेने स्प्रिंगा, आणि पोरं बाहेर फेकली जाऊ नयेत म्हणून भोवती माणसापेक्षा उंच काळी जाळी. आत शिरायला जाळीला चेन. नात पाच वर्षांची. सगळे तिला टुणी म्हणतात, कारण ती चालत कधी येतच नाही. नातू तीनचा, ढब्बू. तो उडायचा कमी, बसायचा जास्त. टुणी उडाली की तो आपोआप उडायचा आणि तिच्यावरच चिडायचा.

वर्षभरात चेनेशेजारी जाळी वीतभर फाटली. सून म्हणाली, "नवी जाळी मागवते."

"घरात मी बसलेली असताना? उद्या पोळ्याही बाहेरून मागव."

चाळीस वर्षं मी गाड्यांच्या सीटा, सोफे, दुकानांवरच्या ताडपत्र्या शिवल्या. शाळा चौथीत सुटली, मशीन सुटलं नाही. माझी शिवण उसवली म्हणून एक माणूस परत आला नाही, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवलं आहे. सुनेला तर दिवसाआड.

उन्हात राहायच्या कामाला जाड, मेणाचा दोरा लागतो. साधा दोरा उन्हात वाळक्या गवतासारखा होतो. हे मला झोपेतून उठवून विचारा, सांगेन. पण जाड दोरा माझ्याकडे पांढरा होता. काळ्या जाळीवर पांढरी शिवण म्हणजे फाटक्याची जाहिरात! आमच्या कामात टाका दिसला की कारागिराचं नाक गेलं. म्हणून मी गाद्यांचा साधा काळा दोरा घेतला. शिवून झाल्यावर सुनेला हाक मारली, "शोध बरं, कुठे फाटली होती ते." तिला सापडलं नाही. मी दिवसभर फुगून होते.

पुढे तीन महिने कडक ऊन पडलं.

त्या रविवारी मुलगा कामावर होता. तो लिफ्टा तपासतो. दोर, साखळ्या, कड्या सगळं हाताने चाचपल्याशिवाय सही करत नाही. सून मागच्या पायरीवर बसून शेंगा सोलत होती, मी खोलीत. ओरडणं ऐकून बाहेर आले तर टुणी जाळीबाहेर फरशीवर, कोपर भलतीकडेच वळलेलं. सुनेने तिला उचललं. "आई, शिवण उसवली!" एवढं म्हणाली आणि शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखान्यात गेली.

मी जाळीपाशी गेले. दोऱ्याची टोकं बोटांत चुरली.

मग मी सुई घेतली आणि ते पुन्हा शिवलं. फाटलेलं दिसलं की शिवायचं, एवढंच हाताला ठाऊक, असं मी स्वतःला सांगते. खोटं आहे. दोरा दातांनी तोडला तेव्हा मी काय करतेय ते मला नीट कळत होतं.

मुलगा कामावरून परस्पर दवाखान्यात गेला आणि संध्याकाळी दोघींना घेऊन घरी आला. आल्या आल्या परसात गेला. सगळ्या जाळीवरून हात फिरवला. एकदा नाही, दोनदा.

"जाळी धड आहे," तो आत येऊन बायकोला म्हणाला. "चेन उघडी टाकली होतीस तू."

"शिवण उसवली होती. मी डोळ्यांनी पाहिलं."

"मग मी काय आंधळा आहे? चूक झाली तर झाली म्हण. खोटं कशाला? आई, तू सांग."

"मी खोलीत होते," मी म्हटलं. ते खरंच होतं. खोट्याला खऱ्याचा सदरा चढवला की ते चारचौघांत खपतं.

सुनेने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. पुढे तीन आठवडे तो तिच्याशी कामापुरतं बोलला आणि ती तेवढंही नाही. रोज सकाळी मी ठरवायचे, आज सांगते. रोज जीभ टाळूला चिकटायची. इतरांना सोलायला हीच जीभ कशी सुरीसारखी चालायची!

प्लॅस्टर निघालं तेव्हा टुणीची करंगळी आणि शेजारचं बोट सरळ होईना. डॉक्टर म्हणाले, "नस दुखावली आहे. वाट पाहू. सुधारेल, कदाचित नाही सुधारणार." गाडीत मुलगा बायकोला म्हणाला, "बघ, काय करून ठेवलंस." मागे माझ्या शेजारी टुणी बसली होती. ती दुसऱ्या हाताने ती दोन बोटं उघडत होती आणि ती पुन्हा मिटत होती.

घरी आल्यावर मी चपलाही काढल्या नाहीत. "शिवण उसवली होती. दोरा मी चुकीचा घातला होता. तुम्ही दवाखान्यात असताना मी परत शिवली."

मुलगा खुर्चीत बसला. मग बायकोला म्हणाला, "म्हणजे तू खरं सांगत होतीस."

सून हसली. तसं हसणं मी तिचं कधी ऐकलं नव्हतं.

"जा ना, हात फिरवून बघ. यांचं तरी खरं कशावरून?"

"आई कशाला खोटं बोलेल?"

"हो ना. आई कशाला बोलेल. त्यांचं एक वाक्य पुरलं तुला. माझे तीन आठवडे नाही पुरले."

ती आत गेली आणि पोरांचे कपडे बॅगेत भरू लागली. भावाकडे निघाली होती. मी मागे मागे गेले. जन्मात कुणाच्या मागे गेले नव्हते.

"अगं, मला शिव्या दे. मी निघते घरातून. तू कशाला जातेस?"

"तुमच्यामुळे नाही जात मी, आई." तिने बॅगेची चेन ओढली. "तुमचा राग तर मला पहिल्याच दिवशी येऊन गेला."

तिने मला दोषही दिला नाही. माझा तिच्यावर तेवढाही हक्क ठेवला नाही.

टुणी दाराशी बसून बूट चढवत होती. एका हाताने बंद लागत नव्हता. मी वाकले.

"राहू द्या," सून म्हणाली आणि खाली बसून तिने तो लावला. ढब्बूला कडेवर घेतलं. टुणीने तिचा पदर धरला, चांगल्या हाताने.

मुलगा माझ्या खांद्याशी येऊन उभा राहिला. हळूच म्हणाला, "आई, तू बोल ना तिच्याशी. तुझं ऐकेल ती."

चाळिशी उलटलेला माणूस. मीच शिवलेला.

मी काही बोलले नाही. ती तिघं फाटकाबाहेर गेली.