हरिबाची राहिलेली लस

मी एक जुना लसीचा डबा आहे. अंगाने निळा, झाकणाने पांढरा, खांद्याला अडकवायला एक पट्टा. माण तालुक्यातल्या एका उपकेंद्राच्या कोठीत आता मी पडून असतो. माझ्या झाकणाला तडा गेला आहे आणि गारवा माझ्यात टिकत नाही. पण मित्रांनो, आठ वर्षे मी लस वाहिली. त्यातल्या एका लसीबद्दल तुम्हाला सांगायचे आहे, म्हणून आज बोलतो आहे.

कारखान्यात मला दुहेरी भिंती दिल्या आणि त्यांच्यामध्ये गारवा धरून ठेवणारा फोम भरला. बाहेर माळ तापला तरी आत थंड राहावे, एवढेच माझे काम. उपकेंद्राच्या नर्स मंगल सिस्टर बुधवारी सकाळी बर्फाचे चार चपटे पॅक बाहेर काढून ठेवत. मग एकेक पॅक कानाशी धरून हलवत. आत पाणी खळखळले, की मगच ते माझ्या पोटात लावत. काही लसी गोठल्या तर वाया जातात, म्हणून ही काळजी. मला तो खळखळाट फार आवडे. तो ऐकला की आज बाहेर जायचे, हे कळायचे.

महिन्यातल्या एका बुधवारी आम्ही मेंढपाळांच्या वस्तीवर जात असू. एसटी डांबरी रस्त्यावर सोडायची. पुढे तासाभराची चढण. खाली एसटीच्या थांब्यावरच वस्तीतला हरिबा उभा असे. सत्तरी ओलांडलेला, डोक्याला लाल पटका, अंगात साखरेचा आजार, पण चालणे अजून मेंढक्याचे.

"आन ती पेटी हिकडं," तो म्हणे.

"आबा, मी धरते की."

"तुला अजून धा वस्त्या फिरायच्या हायती. मला काय काम हाय?"

मग कोकरू घ्यावे तसा तो मला खांद्यावर घेई आणि उन्हाच्या बाजूला पटक्याचे टोक माझ्यावर टाकी. त्याच्या खांद्यावरून मी वस्तीतल्या किती लेकरांच्या लसी नेल्या, त्याचा हिशोब मी ठेवला नाही. लेकरे मला बघून रडत आणि हरिबा त्यांना हसवे. तेवढे कौतुक मला पुष्कळ होते.

मग एका वर्षी जूनमध्ये माझ्या पोटात म्हाताऱ्या माणसांसाठी फ्लूची लस आली. तालुक्यातल्या एका संस्थेने ती दिली होती. वस्तीवर कुणी पुढे येईना. वस्तीतली म्हातारी अंबूबाई म्हणाली, "आमच्या वयाला कशाला सुई? लेकरांची लेकरास्नी द्या." तेव्हा हरिबाने बाही वर केली आणि सगळ्यांसमोर सुई टोचून घेतली. त्याच्यामागून त्याची बायको रंगुबाई आली, मग सगळी वस्ती आली.

पुढच्या जूनला आम्ही पुन्हा गेलो. या वेळी हरिबाने आधीच सगळ्यांना गोळा करून ठेवले होते. ज्यांना चालवत नव्हते त्यांच्या दारात तो मला घेऊन गेला. सगळ्यांचे झाले. माझ्यात एक लस उरली.

"आता तुमची, आबा," सिस्टर म्हणाल्या.

"मी गेल्या साली घेतली की. ती काय येवढ्यात सपली?"

"आवं, ती सालभरच पुरती. आणि फ्लूचा विषाणू दरसाल रूप बदलतो, म्हणून लसही बदलते. तुमच्या मेंढरांना तुमी दरसाल टोचून घेता का न्हाई?"

हरिबा हसला. "मेंढरावरनं आठवलं. आज डाक्टर खालच्या गावात मेंढरं टोचाय येनार हाय. येळ झाला. माजी ठेव, पुढच्या खेपंला घेतो. मी काय पळून जातुय व्हय?"

आणि तो मेंढरे हाकत माळ उतरून गेला. पावसाआधी त्याने एकूण एक मेंढरू टोचून घेतले. त्याची लस माझ्या पोटात उपकेंद्रावर परत आली आणि फ्रिजमध्ये गेली.

जुलैत मी ती लस पुन्हा वर नेली. हरिबा थांब्यावर आला, मला वरपर्यंत पोचवले, लेकरांना धरले. काम उरकल्यावर सिस्टरांनी त्याला हाक मारली, तर तो म्हणाला, "आज नगं, पोरी. सुई टोचली की हात दुखतुया, आन उद्या लोकर कातरायची हाय. नागपंचमी झाली की मीच खाली यीन."

सिस्टरांनी घड्याळ बघितले. थांबले तर शेवटची एसटी चुकली असती. "नक्की या," एवढे म्हणून त्यांनी माझे झाकण लावले. हरिबाने मला थांब्यावर आणून सोडले. माझा पट्टा त्याने सिस्टरांच्या खांद्यावर नीट बसवला. ती लस तेव्हाही माझ्या आतच होती, मित्रांनो. त्याच्या दंडापासून वीतभर अंतरावर.

नागपंचमीला त्याचा मुलगा विश्वजित मुंबईहून आला. येताना खोकत होता. तो खोकला फ्लूचा आहे, हे त्याला काय ठाऊक? दोन दिवसांत तो बरा झाला. रंगुबाईलाही ताप आला, पण चौथ्या दिवशी ती चुलीपाशी बसली. हरिबाचा ताप मात्र उतरेना. धाप लागली, ओठ निळे पडले. मुलाने त्याला जीपमध्ये घालून आधी दहिवडीला, मग साताऱ्याला नेले. फ्लूचा न्यूमोनिया झाला होता. नवव्या दिवशी हरिबा गेला.

हे सगळे उपकेंद्रावर एका फोनवरून कळले. सिस्टरांनी फोन ठेवला आणि फ्रिज उघडला. ती लस तिथेच होती. त्यांनी दार लावून घेतले आणि बराच वेळ फ्रिजला पाठ टेकून त्या उभ्या राहिल्या.

पुढच्या खेपेला थांब्यावर कुणी नव्हते. सिस्टरांनी मला स्वतः वर नेले. रंगुबाई दारात बसली होती. तिने पाणी दिले. मग माझ्याकडे बघत विचारले, "ती सुई घेतली असती, तर ऱ्हायले असते का गं?"

सिस्टर खोटे बोलल्या नाहीत. "नक्की ऱ्हायले असते, असं मी न्हाई सांगू शकत, मावशी. लस घेऊनबी कुणाला फ्लू होतो. पण बहुतेकांचा आजार इतका वाढत न्हाई."

"मला तापच आला निसता," रंगुबाई म्हणाली. मग म्हणाली, "मेंढरं म्या न्हेली असती त्या दिशी. मी म्हनाय पायजे हुतं, तुमी बसा, सुई घ्या. म्या काय बोललेच न्हाई."

"मीबी हट्ट धरला न्हाई, मावशी."

बाहेर मेंढवाड्यात टोचलेली मेंढरे ओरडत होती. सगळी धडधाकट होती.

त्यानंतर आणखी दोन वर्षे जूनमध्ये मी वस्तीवर गेलो. मग एकदा जीपमधून पडलो, झाकणाला तडा गेला आणि माझ्या जागी नवा डबा आला. त्याची मला खंत नाही. कामाची वस्तू कधीतरी थकायचीच. पण कोठीतल्या अंधारात मला तो जुलैमधला बुधवार आठवतो. मी त्याच्या खांद्यावर होतो. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. त्याला वाचवू शकेल अशी लस माझ्या पोटात होती आणि मी गप्प होतो.

मित्रांनो, तुमच्या घरी साठी ओलांडलेले कुणी असेल, तर त्यांना आजच विचारा, यंदाची फ्लूची लस घेतली का. ते म्हणतील, गेल्या साली घेतली. ते म्हणतील, पुढच्या आठवड्यात बघू. सगळ्यांची कामे आधी उरकून स्वतःचे मागे ठेवण्याची त्यांना सवयच असते. तेव्हा त्यांचा हात धरा, डॉक्टरांकडे घेऊन चला, हवे तर रुसून बसा.

मला बोलता आले नाही. तुम्हाला येते.