डबी लपवायला कुणीतरी

"कुत्रा खोक्यांना हुंगत नाहीये, आयली. तुझं तोंड बघतोय," गॉर्ड म्हणाला.

हॉलमध्ये पुठ्ठ्याची बारा खोकी ओळीने मांडलेली. त्यातल्या एकात बर्चच्या झाडाच्या तेलाचा कापूस घातलेली इवलीशी डबी. कुत्र्याने ती वासावरून शोधायची आणि मालकाने 'सापडली' म्हणायचं, एवढाच आमच्या क्लबचा खेळ. आयली रौटिओचा पिकल मात्र ओळीच्या तोंडाशी बसून तिच्याकडे टकामका बघत होता. ती हॉस्पिटलच्या धुलाईखान्यातून निवृत्त झाली, त्याच वर्षी तिने हा एका कानाचा कुत्रा अनाथ कुत्र्यांच्या निवाऱ्यातून आणला.

गॉर्ड आमचा शिकवणारा. मनाने चांगला, पण जिभेला हाड नाही. घरी डबी कोण लपवतं, असं त्याने पुन्हा विचारलं. आयली म्हणाली, मीच. तिथेच तर घोडं पेंड खात होतं. जागा आपल्याला ठाऊक असली की पाय नकळत तिकडे वळतात, आणि कुत्री भारी लबाड, नाक वापरायचं सोडून आपल्यावरच नजर ठेवतात.

"घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी लपवायला सांग. पुढच्या गुरुवारपर्यंत जमलं नाही तर तुझी जागा दुसऱ्याला देणार. सहाजण थांबलेत."

"सांगते," आयली म्हणाली.

हे 'सांगते' मी तीन गुरुवार ऐकत होते. माझ्याकडे रॉजर लपवतो. हॉकीची मॅच बघता बघता डबी कुठेतरी सारतो आणि पाच मिनिटांत स्वतःच विसरतो. नवऱ्याचा तेवढा तरी उपयोग. आयलीकडे कोण आहे, हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं, आणि गुरुवार सोडला तर ती कुठे दिसतही नसे.

त्या संध्याकाळी तिची गाडी थंडीने गारठून बसली, म्हणून मी तिला घरी सोडलं. दाराशी बुटांचा एकच जोड होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर दहा डब्या. तिने ओशाळून सांगितलं, एकीत तेलाचा कापूस आहे, नऊ रिकाम्या. डोळे मिटून सरमिसळ करायच्या आणि घरभर ठेवायच्या, म्हणजे खरी कुठली ते आपल्यालाही कळत नाही. बिचारीने डोकं लढवलं होतं, पण हात तेच ना! दहाही डब्यांना तेलाचा वास लागला होता. पिकल प्रत्येक डबीपाशी जाऊन बसायचा आणि ही त्याला नऊ वेळा 'चुकलास' म्हणायची. मग तो तिच्या तोंडाकडे बघणार नाही तर काय करणार?

मला हसू आलं, आणि लगेच स्वतःचाच राग आला.

"भाऊ आहे ना तुझा?" मी विचारलं.

"व्हँकुव्हरला. नाताळला फोन करतो."

"शेजारी?"

"त्यांना काय सांगू, वेरा? डबी लपवायला या म्हणून?"

मी म्हटलं, चल, मी लपवते. नवी डबी घेतली. ती पिकलला घेऊन न्हाणीघरात गेली, दार लावलं आणि माझ्या पावलांचा अंदाज येऊ नये म्हणून नळही सोडला. मी तळघरात उतरून सौनाच्या, म्हणजे वाफेच्या अंघोळीच्या खोलीच्या, लाकडांमागे डबी ठेवली. पिकल आधी तिच्या पायांत घोटाळला. तिलाच ठाऊक नाही म्हटल्यावर मुकाट नाक खाली घातलं, आणि थेट लाकडांशी जाऊन बसला. आयलीने मोठ्याने 'सापडली' म्हटलं.

मग मी रविवारी गेले, मंगळवारी गेले, बुधवारीही. दर खेपेला वेलदोड्याचा ताजा पाव आणि कॉफी तयार असायची. बुधवारी मी कोट चढवत होते, तेव्हा ती म्हणाली, "अजून एक लपव. आणि जा. कुठे ते सांगू नकोस." ती न्हाणीघरात गेली. मी लपवली आणि निघाले.

गुरुवारी पिकल सातव्या खोक्यापाशी ठाण मांडून बसला. आयलीने 'सापडली' म्हटलं. गॉर्डने खोकं उघडलं आणि जागा तुझीच, एवढं बोलून पुढच्या कुत्र्याला बोलावलं. बाहेर येताना मी विचारलं, "कालची कुठे सापडली?"

"शोधली नाही अजून."

"अगं, वास उडून जाईल."

"जाऊ दे." ती हातमोजे चढवत होती. "आई जाऊन एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून घरातली प्रत्येक वस्तू मीच ठेवलेली आहे, वेरा. आता एक अशी आहे, जी मी नाही ठेवलेली."

मग तिने पिकलला गाडीत चढवलं आणि काचेवरचं बर्फ खरवडायला लागली.