चिंधी बांधलेलं फळ

आक्कांच्या हातांना एक हिरवा, कडवट वास यायचा. टोमॅटोच्या झाडांत वावरणाऱ्या माणसाच्या बोटांवर जो हिरवट-काळा राप चढतो, तो त्यांच्या बोटांवरून वर्षभर उतरत नसे. भाकरी थापण्याआधी त्या हात धुवायला बसल्या की तांब्यातून पडणारं पाणी स्वच्छ असे आणि हातांवरून ओघळणारं पिवळंजर्द. नव्वदीच्या सुरुवातीला मी या घरात धाकटी जाऊ म्हणून आले, तेव्हा माणसांच्या चेहऱ्यांआधी मला तो वास ओळखीचा झाला. आजही थोरल्या जाऊबाई आठवायच्या म्हटलं की आधी त्यांचे हात आठवतात आणि चेहरा मागाहून येतो.

आक्का आंबेगावच्या वरच्या अंगाच्या, सह्याद्रीच्या पायथ्याशी भात आणि नाचणी पिकवणाऱ्या मुलखातल्या. त्यांचं माहेर धरणात गेलं. ‘बुडालं’ असं त्या कधी म्हणत नसत. माणसाविषयी बोलावं तसं ‘गेलं’ म्हणत. घर, खळं, देवळापुढचा पार सगळं पाण्याखाली, आणि भाऊबंद नव्या जमिनींवर चार दिशांना पांगलेले. त्याच पाण्याचा कालवा पारगावच्या बाजूला आमच्या शिवारात उतरला, आणि जिथे बाजरीही धड येत नव्हती तिथे ऊस उभा राहिला, तार-बांबूवर चढवलेला दोन एकर टोमॅटो उभा राहिला. घरादाराला हर्ष झाला, आणि तो होणारच. आपल्या दारी आलेलं पाणी कुणाच्या दारावरून आलं हे कोणी विचारत बसत नाही. आक्का मात्र धुणं घेऊन कालव्यावर कधी गेल्या नाहीत. विहिरीचं पाणी शेंदून त्यांनी उभा जन्म काढला.

माहेरचं म्हणून त्यांच्यापाशी उरलं होतं ते फक्त तंबाट्याचं बी. न्हाणीचं सांडपाणी परसात जिथे पसरतं त्या चिंचोळ्या पट्ट्यात त्यांची तीन जातींची झाडं असत. एकीच्या फळाला देठापासून अशा चुण्या की लुगड्याच्या निऱ्या धराव्यात. तिला त्या निऱ्यांची म्हणत, आणि तिचं सार असं आंबट होई की पहिल्या घोटाला डोळे आपोआप मिटत. दुसरी बोराएवढी, कुंपणावर आपल्याआपण पसरणारी. तिसरी पिवळी, गोडसर आणि इतक्या पातळ सालीची, की सकाळी तोडलेलं फळ दिवेलागणीपर्यंत मऊ पडावं. बाजाराच्या दृष्टीनं तिन्ही कुचकामी. माझे थोरले दीर, आम्ही त्यांना भाऊजी म्हणतो, हसून म्हणायचे की हिच्या तंबाट्याला नारायणगावचा बाजार दाखवायला न्यायचं तर डोलीतूनच न्यावं लागेल.

बियाण्याचं फळ निवडताना आक्कांना पाहणं हा एक सोहळा होता. सगळ्यांत मोठं फळ त्या कधी घेत नसत, पहिल्या बहराचंही नाही. उन्हाच्या झळांत ज्या झाडानं मान टाकली नाही त्या झाडापाशी त्या बैठक मारत, फळ अंगठ्यानं हलकेच दाबत, देठाशी नाक नेऊन डोळे मिटून बसत. आणि मग आपल्या जुन्या लुगड्याच्या काठाची एक चिंधी फाडून त्या देठाला सैल बांधत. हिरवं लुगडं, लाल काठ. ती चिंधी बांधली की ते फळ घरातल्या कोणाचंही उरत नसे. मुलं सोडाच, पाहुण्यारावळ्यांच्या हातालाही ती चिंधी अडवायची. फळ झाडावरच पिकून लिबलिबीत झालं की त्याचा गर वाटीत आंबत ठेवायचा, वर फेस धरला की बी धुऊन राख चोळलेल्या फडक्यावर सावलीत वाळवायचं. एवढं सगळं होईपर्यंत त्या फारसं कोणाशी बोलत नसत.

आणि मग त्या ते बी घरात ठेवत नसत. त्यांच्या माहेरची रीत अशी, की बी एक तर मातीत असावं नाही तर दुसऱ्याच्या पदरात. घरात कोंडलेल्या बियाला जीव राहत नाही. म्हणून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गावातल्या बायका स्टीलचे चमचे, गाळणी, प्लॅस्टिकच्या डब्या वाण म्हणून लुटत, तेव्हा आक्का त्याच लुगड्याच्या चिंधीत बांधलेलं चिमूटभर बी प्रत्येकीच्या ओटीत घालत. रथसप्तमीला आपल्यापुरतं पेरून टाकत आणि फडकं झटकून मोकळ्या होत. बायका चिंधी कपाळाला लावत, आणि अंगणाबाहेर पडल्यावर हसत. मी त्यांच्याबरोबर पुढच्या घरी जायची, मला ते हसणं ऐकू यायचं.

दोन हजार सालाच्या पुढेमागे एका वैशाखात आक्का लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. रानातल्या टोमॅटोची पानं अचानक वळायला लागली, शेंडे आखडले, झाडं बुटकी होऊन पिवळी पडली. औषधाच्या दुकानातला माणूस येऊन बघून गेला आणि म्हणाला, घराजवळची जुनी झाडं आधी उपटा, रोग तिथून येतो. भाऊजींनी ऐकलं. थोरल्या दिरांशी समोरासमोर बोलायची आमच्याकडे रीत नव्हती, म्हणून मी नवऱ्यापाशी भांडले, आक्का येईतो थांबा म्हणाले, निदान चिंध्या बांधलेली फळं तरी राहू द्या. भाऊजींनी ते ओट्यावरून ऐकलं आणि भिंतीकडे बघत उत्तर दिलं, “रान समदं वाळाय लागलंय, आन हितं परसातल्या तंबाट्याचं पडलंय.” दुपारपर्यंत तो पट्टा स्वच्छ झाला. झाडं, फळं, चिंध्या सगळं बांधावर नेऊन जाळलं. रोग खरोखर कुठून आला हे देव जाणे. रानातली तंबाटी पुढच्या पंधरवड्यात वाळायची तशी वाळलीच.

आक्का ज्येष्ठात परतल्या. पिशवी खाली ठेवून आधी परसात गेल्या. न्हाणीचं पाणी मोकळ्या मातीत उगाच पसरत होतं. त्या आत आल्या आणि भाऊजींना एवढंच म्हणाल्या, “चिंध्या बांधल्याली फळंबी?”

भाऊजींनी मान खाली घातली. समदंच काढाय लागतं म्हनला त्यो, असं काहीसं पुटपुटले. आक्कांनी परातीत पीठ घेतलं. त्या दिवशी हात धुताना पाणी पिवळं झालं नाही.

मला राग आला होता, आणि तो आजही गेलेला नाही. मी म्हटलं, आक्का, इतकी वर्षं गावभर बी वाटलंत, एकेका घरी जाऊन मागून आणू. त्यांनी ठाम नकार दिला. दिलेलं वाण माघारी मागायचं नसतं. माहेर गेलं तेव्हाही कोणाकडे काही मागितलं नव्हतं, आता काय मागायचं. तरीही मी ताक नेण्याच्या, जात्याची खुंटी आणण्याच्या निमित्तानं घरं धुंडाळली. कुठे ती चिंधी तुळशीत पुरून टाकलेली, कुठे देव्हाऱ्यात कुंकवाखाली काळवंडलेली, कुठे पोरीच्या बाहुलीच्या कमरेला. एकदा लावलं होतं म्हणणाऱ्या दोघी निघाल्या, पण फळ फार मऊ म्हणून त्यांनी पुढे बी धरलं नव्हतं. आता रोपं नर्सरीतूनच येतात, सगळ्या म्हणाल्या.

शेवटी वेशीजवळच्या हौसाबाईंच्या घरी, तुळईला खोचलेली एक पुरचुंडी मिळाली. हिरवं लुगडं, लाल काठ, आणि आत बी. मी ती आणून आक्कांच्या हातात दिली. त्यांनी आधी काठावरून बोट फिरवलं, मग बी तळहातावर घेतलं, आणि मला माहेराहून न्यायला मूळ आल्यासारखं त्यांचं तोंड उजळलेलं दिसलं. त्याच संध्याकाळी बी मातीत गेलं.

त्या पावसाळ्यात आक्का पुन्हा आक्का झाल्या. पाऊस उघडला की परसात, भुरभुर लागली की डोक्यावर पोतं घेऊन परसात. बोटं पुन्हा रापली, पाणी पुन्हा पिवळं झालं. माहेरच्या पाराविषयी, तिथल्या नदीच्या दगडांविषयी त्या मला पहिल्यांदा सांगू लागल्या. श्रावण सरताना फळं धरली. माझं लक्ष नव्हतं, पण फळं अजून सुपारीएवढी हिरवी होती तेव्हाच आक्कांना समजलं असावं, कारण त्यांचं सांगणं मधेच थांबलं. देठाशी एकही चुणी नव्हती. तरी त्यांनी पाणी तोडलं नाही. लाल होईपर्यंत वाट पाहिली, एक कापलं, चाखलं आणि उरलेलं पाटावर ठेवून दिलं. गुळगुळीत, लांबट, कडक सालीचं, क्रेटमध्ये भरून मुंबई गाठणारं फळ होतं ते.

हौसाबाईंना मी विचारलं तेव्हा त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. “तुमचं बी दिलं त्याच सालात उंदरानं खाल्लं, चिंधी तेवढी ऱ्हायली व्हती. आक्काच्या हाताला बरकत हाय, म्हनून त्यात बाजारच्या तंबाट्याचं बी बांधून ठिवलं. बी म्हंजी बीच की.” चिंधीवर एवढी भक्ती आणि बियाची ही तऱ्हा.

त्यानंतर एकदा भाऊजींनी नर्सरीतून रोपांचा ट्रे आणला आणि आवाज न करता न्हाणीपाशी ठेवला. त्यांच्या परीनं ती भरपाई होती. आक्कांनी त्याला रोज पाणी घातलं, पण रोपं मातीत लावली नाहीत. ती ट्रेमध्येच उंच, फिकी होऊन लवंडली. पट्ट्यात त्यांनी अळू लावलं. अळूला बी धरावं लागत नाही.

पुढच्या संक्रांतीला आक्कांनी बेल्ह्याच्या बाजारातून प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्या आणल्या. दारात रांगोळी घातली, बायकांना हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला, आणि प्रत्येकीच्या हातात एकेक डबी ठेवली. बी का नाही, असं एकीनंही विचारलं नाही. मी वाट पाहत होते, कोणी तरी विचारेल. हौसाबाईंनी डबी उघडून, झाकण पुन्हा दाबून पाहिलं आणि मनापासून म्हणाल्या, “आक्का, औंदा कायतरी कामाचं दिलंत बगा.”

आक्का हसल्या. त्यांचे हात त्या दिवशी किती गोरे दिसत होते.

त्यांना जाऊनही आता काही पावसाळे झाले. अळू काढून मी त्याच पट्ट्यात नर्सरीची रोपं लावते, घराला लागतात म्हणून. पान चुरगळलं की वास तोच येतो, बोटं तशीच रापतात, आणि हात धुताना पाणी तसंच पिवळं होतं. क्षणभर कोणी तरी मागे येऊन उभं राहिल्याचा भास होतो, आणि मग जेवताना सार जिभेला लागतं आणि डोळे उघडेच राहतात. काळानं सगळंच नेलं असतं तर मन कधी तरी रिकामं झालं असतं. त्यानं वास तेवढा मागे ठेवला आणि फळ नेलं.