पत्र फक्त तिच्या नावाचं

मिहीर गोंधळेकरनं बाल्कनीवाली केबिन बुक केली, तेव्हाच यामिनीच्या मनात पाल चुकचुकली. हॉटेलातल्या शाम्पूच्या बाटल्या टेक्ससमधल्या प्लेनोच्या घरी आणून बाथरूमच्या कपाटात मांडून ठेवणारा हा माणूस. तेवीस वर्षांच्या संसारात विमानात खिडकीची सीट मिळावी म्हणून यानं कधी जादा डॉलर मोजला नव्हता. आणि आता एकदम सात दिवस कॅरिबियन! "सहज गं," तो म्हणाला, "राजस कॉलेजला गेला, आपण दोघंच कधी कुठे गेलोच नाही ना यार." सहज म्हणून हा माणूस शिंकतसुद्धा नाही, हे यामिनीला पक्कं ठाऊक होतं.

मग घरात आली पासपोर्टची कव्हरं. चामड्याची, दोघांना एकसारखी. घरातले सगळे कागद आजवर यामिनीच्या ताब्यात असत. लसीकरणाच्या कार्डापासून गाडीच्या मालकीच्या टायटलपर्यंत कुठलाही कागद ती झोपेतून उठून काढून देई. या खेपेला मात्र मिहीर म्हणाला, "तू पॅकिंग बघ, डॉक्युमेंट्स मी हँडल करतो." त्याचा पासपोर्ट उन्हाळ्यात रिन्यूअलला म्हणून तिच्या फोल्डरमधून गेला होता, तो नंतर फोल्डरमध्ये परत आलाच नव्हता. विचारलं की "आहे माझ्याकडे" एवढंच उत्तर.

गॅल्व्हेस्टनच्या बंदरावर त्यानं तिला मुद्दाम शेजारच्या लाइनीत उभं केलं. "दोन लाइन्स केल्या तर लवकर होईल," म्हणे. लवकर काही झालं नाही, तीच त्याच्यानंतर वीस मिनिटांनी आत पोचली. केबिनमध्ये शिरल्या शिरल्या त्यानं दोन्ही पासपोर्ट कपाटातल्या छोट्या सेफमध्ये टाकले आणि तिच्याकडे पाठ करून कोड लावला.

"कोड काय ठेवलास?"

"तुला नाही लक्षात राहायचा. काही हवं असलं तर सांग, मी काढून देतो."

जिला माहेरच्या शेजाऱ्यांचेसुद्धा फोन नंबर पाठ, तिला चार आकडे लक्षात राहायचे नाहीत! पाणी कुठंतरी मुरत होतं. तो अंघोळीला गेला की यामिनी सेफपुढे बसू लागली. लग्नाची तारीख घालून पाहिली, राजसचा वाढदिवस घातला, सासूबाईंचासुद्धा घातला. सेफ दर वेळी चिडून लाल दिवा दाखवी आणि आतून नळ बंद झाल्याचा आवाज आला की ही पटकन पलंगावर जाऊन मासिक उघडी.

बाहेर समुद्र इतका निळा होता की फोटोत खोटा वाटावा, पण तिचं लक्ष कुठलं त्यात. आजार असेल का? मग तीन वेळा बुफेला कसा जाईल? नोकरी गेली असेल? पण लॅपटॉपवर ऑफिसचे मेसेज तर येत होते. राहता राहिली दुसरी बाई. मे महिन्यात एका बुधवारी तो ब्लेझर घालून अर्विंगला क्लायंट मीटिंगला गेला होता. हुडी घालून मीटिंगला बसणारा माणूस! ती आठवण आता दाताखालच्या खड्यासारखी लागत होती.

आणि तो धड गप्पही बसत नव्हता. जमैकात धबधब्यापाशी म्हणाला, "यामिनी, एक बोलायचं होतं." ती थांबली. "नारळपाणी घेणार?" असं विचारून तो गाड्याकडे गेला. केमनलाही तेच, कोझुमेललाही तेच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते ती रोज जवळून बघत होती.

परतीच्या आदल्या दुपारी दाराखालून एक पाकीट आत आलं. वर नाव यामिनीचं. अमेरिकन नागरिक नसलेल्या प्रवाशांनी उद्या सकाळी सात वाजता पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड घेऊन डायनिंग हॉलमध्ये तपासणीला यावं, असं त्यात लिहिलं होतं.

"तुझं कुठाय?"

"येईल," मिहीर बाल्कनीतूनच म्हणाला. "प्रिंटर बिघडला असेल."

यामिनी चपला घालून सरळ खालच्या काउंटरवर गेली. नवऱ्याचं पत्र राहिलंय, तेवढं द्या, म्हणाली. काउंटरवरच्या मुलीनं केबिनचा नंबर घातला आणि गोड हसली.

"सरांना नाही लागणार, मॅम. ते यूएस सिटिझन आहेत."

यामिनीनं थँक्यू म्हटलं. ती लिफ्टकडे वळली.

दोन वर्षांपूर्वी याच गोष्टीवरून त्यांच्यात महिनाभर वाद चालला होता. त्याला नागरिकत्व हवं होतं. तिला शपथेला हात वर करून, जुनं सगळं सोडलं असं मोठ्यानं म्हणवत नव्हतं. शेवटी एका रविवारी चहा पिताना ठरलं, करायचं तर दोघांनी, नाहीतर कोणीच नाही. त्यानं तिच्या हातावर हात ठेवून ते कबूल केलं होतं.

"सेफ उघड," ती केबिनमध्ये येऊन म्हणाली.

त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सेफचे आकडे दाबले. शून्य, पाच, एक, चार. चौदा मे. ब्लेझरचा बुधवार, शपथेचा दिवस. त्यानं कव्हर काढून पासपोर्ट तिच्या हातात दिला. रंग तोच गडद निळा, वर गरुड.

दुसरी बाई असती तर बरं झालं असतं, असं तिला खरोखर वाटलं. बाईशी भांडता तरी येतं.

"मागच्या वर्षी आईचं सगळं करून परत आलो ना," तो पलंगाच्या कडेला बसून म्हणाला, "तेव्हा एअरपोर्टवर मला आत नेलं होतं. दोन तास बसवलं. फोन काढून घेतला. नाव कुणाशी तरी मॅच झालं म्हणे. पण त्या दोन तासांत मला वाटलं, संपलं सगळं."

"मला म्हणालास, बॅग उशिरा आली."

"हो."

तिचा जीव कळवळला. आई जाऊन पंधरा दिवस झालेले, डोकं भादरलेलं आणि हा एकटा त्या खोलीत. क्षणभर तिला त्याच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू नाही म्हणाली असतीस. म्हटलं, आधी मी करून टाकतो, मग तुला हळूहळू तयार करीन. म्हणून तर ही क्रूझ, यार. रोज सांगणार होतो."

यामिनी उभीच राहिली. "तुला भीती वाटली तेव्हा माझ्याकडेही तेच कार्ड होतं, मिहीर. तोच पासपोर्ट होता. तू स्वतःपुरता आत शिरलास आणि दार लावून घेतलंस. मी बाहेर आहे, एवढंसुद्धा मला कळू दिलं नाहीस."

रात्री दोघं जेवायला गेले, समोरासमोर बसले, मीठ इकडून तिकडे दिलं.

सकाळी तो तिच्याआधी तयार झाला. "मी पण येतो."

"तुला बोलावलेलं नाही."

तरी आला. हॉलच्या दाराशी यादी घेऊन उभ्या असलेल्या माणसानं त्याला अडवलं, पत्र असलेल्यांनाच आत सोडतो म्हणाला. मिहीर तिथंच भिंतीशी थांबला.

आत जेवणाच्या टेबलांवर लॅपटॉप मांडून अधिकारी बसले होते. यामिनीचा नंबर लागला. अधिकारी राजसहून जेमतेम पाच-सहा वर्षांनी मोठा असेल. त्यानं कार्ड उलटसुलट केलं, तिची बोटं यंत्रावर ठेवायला लावली आणि स्क्रीनकडे बघत राहिला. जरा जास्तच वेळ. दोन तास, एवढंच तिच्या डोक्यात येत होतं. तिनं मागे वळून पाहिलं. उघड्या दारातून मिहीर टाचा उंचावून आत बघत होता, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो घाबरलाय आणि या वेळी तिच्यासाठी घाबरलाय, हे तिला इतक्या लांबूनही दिसत होतं.

"एकट्याच प्रवास करताय, मॅम?" अधिकाऱ्यानं मान वर करून विचारलं.

"हो," यामिनी म्हणाली, आणि आपण खोटं बोललो असं तिला वाटलं नाही.