ज्याची खूण त्याचा घड

मी एक पिवळी थाळी बोलतेय. जेवायची नव्हे, फेकायची. हे आधीच सांगून टाकते, कारण या गावात आल्याच्या पहिल्याच दिवशी कुणीतरी माझ्यात शेव-मुरमुरे वाढून घेतले होते.

माझा जन्म साच्यातला. गरम प्लास्टिक ओतलं, दाबलं, थंड केलं, झाली थाळी. आईबाप नाहीत, त्यामुळे तोंडावळा कोणावर गेलाय हा प्रश्नच नाही. कड तेवढी धारदार, हवा कापत जावी म्हणून. आम्ही बहिणी-बहिणी एका खोक्यात बसून जळगावला उतरलो आणि तिथून एसटीनं सातपुड्याच्या पायथ्याच्या या केळीच्या गावात आलो.

आम्हाला बोलावून घेतलं होतं भाईदास सरांनी. हे मूळचे शिंदखेड्याकडचे, इथल्या शाळेत खेळाचे शिक्षक. क्रिकेटला मैदान नाही, कबड्डीला आता पोरं नाहीत, म्हणून त्यांनी हा खेळ शोधून काढला. डिस्क गोल्फ म्हणतात त्याला. ठरलेल्या जागेवरून थाळी फेकायची, पडेल तिथून पुन्हा फेकायची आणि शेवटी टोपलीत पाडायची. ज्याच्या फेकी कमी, तो पुढे. टोपल्या सरांनी वेल्डरकडून करवून घेतल्या. खाली लोखंडी पाटी आणि वर सायकलच्या जुन्या चेना लोंबकळत्या. त्यांच्यावर मी आदळले की खळ्ळकन आवाज होतो. खोटं कशाला बोलू, त्या आवाजासाठीच मी जगले.

मैदान म्हणजे तोताराम नानांचं शेत. केळीच्या बागांमधले रस्ते, विहीर, पाट, बांध, यांच्या आजूबाजूनं टोपल्या रोवलेल्या. थंडी पडली की दर रविवारी सकाळी फेरी व्हायची. बोदवडहून नीलेश यायचा, पाचोऱ्याहून दोघंतिघं रेल्वेनं यायचे. फेरी संपली की कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून भरीत. नाना सुरुवातीला जाम चिडवायचे. "थाळीत जेवाचं सोडून थाळी फेकता का रे भो?" म्हणायचे. पण भरिताला पहिले तेच बसायचे.

एकाच फेकीत टोपली साधली तर जगात काय म्हणतात मला ठाऊक नाही. आमच्याकडे म्हणतात, घड पडला.

मी नानांच्या मुलाच्या, तेजसच्या वाट्याला आले. त्यानं काळ्या मार्करनं माझ्या पोटावर आपलं नाव लिहिलं. मला गुदगुल्या झाल्या, बरंही वाटलं. नाव लागलं की आपण कुणाचेतरी असतो, अशी माझी तेव्हा समजूत होती. तेजस पुण्याला शिकायला गेला होता आणि शिक्षण अर्धवट टाकून परत आला होता. नाना चारचौघांत म्हणायचे, "आमचे इंजिनियर केळीले पाणी देऊ राह्यले." लोक हसायचे. तेजस पण हसायचा आणि नंतर मला उगीच विहिरीच्या भिंतीवर आपटायचा. माझ्या कडेवरचे अर्धे ओरखडे त्या हसण्याचे आहेत.

पण मला खरं उडता यायचं ते त्याच्या धाकट्या बहिणीच्या हातून. चारुलता तिचं नाव, घरात चारू. तेजस मला जोर लावून फेकायचा, आणि जोर लावला की मी बिथरते. चारू सुपानं पाखडताना देतात तसा मनगटाला नुसता झटका द्यायची. मी हातातून सुटलेय हे मलाच उशिरा कळायचं. तिची स्वतःची थाळी होती, निळी. पण संध्याकाळी भाऊ मोबाईलमध्ये गुंतला की ती मला घेऊन बांधावर जायची, आणि मी तिच्याबरोबर आनंदानं जायची. फितूर म्हणा हवं तर.

आता तो नियम सांगते, कारण सगळं त्यावरच फिरलं. शेवटची टोपली शेवरीच्या दाट रांगेपलीकडे होती. केळीला वारा लागू नये म्हणून शेवरी लावतात ना, तीच. अलीकडून फेकणाऱ्याला पलीकडचं दिसत नाही आणि पलीकडे उभ्या असलेल्यांना फेकणारा दिसत नाही. एका रविवारी नीलेशचा आणि पाचोऱ्याच्या एकाचा वाद झाला, टोपलीजवळची थाळी कुणाची यावर. भाईदास सर सांगून थकले की या खेळात पंच नसतो, खेळाडूनं खरं बोलायचं असतं. ऐकतंय कोण! शेवटी नानांनी निकाल दिला. केळीच्या कापणीत व्यापारी पसंतीच्या घडावर खूण करून जातो, मग तो घड त्याचा, त्यावर कुणी तोंड उघडत नाही. "इथी बी तेच. ज्याची खूण त्याचा घड." सगळ्यांना पटलं. सरांनाही पटलं. नाव थाळीवर आहे ना, मग झालं! थाळी उसनी देता येते हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. घड कोणी उसना देत नाही, म्हणून असेल.

त्या हिवाळ्यात या रविवारच्या फेऱ्यांच्या लीगमध्ये पहिल्या येणाऱ्याला पुण्याच्या, याच खेळाच्या शिबिराचं बोलावणं होतं. वर्षभर तिथं राहायचं, शिकायचं, पुढं मुलांना शिकवायचं. भाऊ आणि बहीण दोघंही वर होते. नाना म्हणाले, "दोघांतून जो पयला येईन तो जाईन. दुसरा घरी राहीन." तेजसनं घरी राहायचं म्हणजे केळीला पाणी आणि चारचौघांतलं ते हसणं. चारूनं घरी राहायचं म्हणजे काय, ते नानांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. पाचोऱ्याच्या एका स्थळाकडून आधीच निरोप आलेला होता.

शेवटच्या रविवारी चांगलंच गारठलं होतं, केळीची पानं कडेनं काळवंडलेली. दोघांच्या फेकी शेवटच्या टोपलीपर्यंत बरोबरीत आल्या. बाकी सगळे पलीकडे, वांग्यांच्या जाळाजवळ. अलीकडे फक्त ही दोघं. आणि थोडं मागं, पंपाच्या खोलीशी, त्यांची आई धुरपदाबाई हिरव्या मिरच्या धूत बसलेली.

चारूची निळी थाळी त्याआधीच्या टोपलीच्या वेळी विहिरीच्या कठड्याला लागून चिरली होती. ती म्हणाली, "दादा, तुझी पिवळी दे ना. तू पांढरी घे."

तेजसकडे नवी पांढरी थाळी होती, तीही त्याचंच नाव लिहिलेली. त्यानं मला तिच्या हातात दिलं. मोकळ्या मनानं दिलं, हे मी त्याच्या बाजूनं सांगते. मग त्यानं पांढरी फेकली, जोर लावून. ती शेवरीवरून गेली आणि पलीकडे पाण्यात पडल्याचा आवाज आला.

मग चारूनं मला फेकलं.

त्या उडण्याबद्दल काय सांगू! शेवरीच्या शेंड्यांवरून मी गेले, डावीकडं कलले, खाली उतरले आणि खळ्ळकन चेनांत शिरले. आयुष्यात एकदाच मी अशी उडाले.

भाईदास सर आनंदानं सगळ्यांना बोलावत आपल्या धुळ्याकडच्या बोलीत ओरडले, "अरे बठ्ठा जन आठे या! घड पडना, घड!" त्यांनी मला उचललं, उलटं केलं. "तेजस! तेजसना शे!"

पलीकडून टाळ्या वाजल्या. भाऊबहीण धावत आली. चारूला दम लागला होता, पण ती हसत होती. "सर, ती मी फेकली. दादाची उसनी घेतली होती."

नीलेश हळूच म्हणाला, "पण नियम..."

सर आता शाळेतल्यासारखं शुद्ध बोलू लागले. म्हणाले, "नियम राहू दे. तेजस, तू सांग. कोणती फेकलीस?"

तेजसनं आधी नानांकडे पाहिलं. नाना आनंदानं उभे राहिले होते, हातातलं वांगं तसंच धरून. मुलाकडे असे पाहताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. तेजसनंही बहुतेक नव्हतं.

"पिवळी माझी," तो म्हणाला. "तिला पांढरी दिली होती."

चारूनं त्याच्याकडे बघितलं. ओरडली नाही, रडली नाही. तिनं मान वळवली ती थेट आईकडे, कारण पाहिलेलं तिसरं माणूस तेवढं एकच. धुरपदाबाई मिरच्यांची पाटी कमरेवर घेऊन आल्या होत्या. त्यांनी पाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "जेवून घ्या बापा आता. भरीत थंड होऊ राह्यलं."

मला तोंड असतं तर! पण माझ्या पोटावर जे लिहिलंय तेवढंच लोकांना वाचता येतं, आणि ते खोटं नव्हतं. मी तेजसचीच होते. एवढ्या खऱ्या गोष्टीनं एवढं मोठं खोटं उभं राहतं, हे मला त्या दिवशी कळलं. मला माझीच किळस आली.

संध्याकाळी चारू मोरीत मला धूत होती. आई शेजारी भांडी विसळत होती.

"आई, तू पाह्यलं ना?"

"पाह्यलं."

"मंग?"

धुरपदाबाईंनी पातेलं पालथं घातलं. "भाऊ हाये तुह्या. चारचौघात त्याले खोटं कसं पाडू मी? तुह्या बाप किती दिसाचा खूश झाला, पाह्यलं नाही का तू?"

"आन मी?"

पाणी संपलं म्हणून धुरपदाबाई उठून गेल्या. चारूनं माझ्या पोटावरचं नाव घासणीनं घासून पाहिलं. जरा फिकं झालं, गेलं नाही.

तेजस पुण्याला गेला. मला नेलं नाही. बॅग भरताना त्याचा हात एकदा माझ्यावर आला आणि चटका बसल्यासारखा मागं गेला. मी त्याला शाप देणार होते, पण तो हात बघून तेवढं जमलं नाही. पुण्याहून फोन येतो, नाना स्पीकर लावून सगळ्यांना ऐकवतात. त्याचं छान चाललंय. इथं आता त्याला कुणी हसत नाही.

मला मात्र नानांनी बैठकीच्या खोलीत भिंतीवर लावलं. माझ्या मधोमध भोक पाडलं, खिळा ठोकला. आता मी कधीच उडणार नाही. भोक पडलेली थाळी हवेत भरकटते. येणाऱ्या-जाणाऱ्याला नाना मला दाखवतात आणि घडाची गोष्ट सांगतात. दर वेळी शेवरी थोडी उंच होते, टोपली थोडी लांब जाते.

परवा पाचोऱ्याचे पाहुणे आले. मुलगा, त्याची आई, मामा. नेमके माझ्याखाली बसले. चारू पोह्यांचा ट्रे घेऊन आली, मोरपंखी साडी, डोक्यावर पदर. मामांनी वर पाहिलं, विचारलं, "हे काय आहे हो?" नानांनी गोष्ट सांगितली. मुलाची आई कौतुकानं चारूकडे वळली.

"आन तू? तू बी खेळते का गं?"

चारूनं तोंड उघडलं होतं. मी वरून बघत होते, तिनं श्वास आत घेतला होता. पण धुरपदाबाई त्याआधीच बोलल्या. "नाही वो. ती नुसती पाहाले जाये."

चारूनं आईकडे एकदा बघितलं. मग तिनं ट्रे पुढं केला. "हो," ती म्हणाली. "नुसती पाहाले."

लग्न ठरल्यात जमा आहे. पाहुण्यांना मुलगी साधी वाटली.

माझं आता काही मागणं नाही. या खिळ्यावरून मला काढू नका, काढून उपयोग नाही. पण तुम्ही कधी कुणाच्या घरी असे पाहुणे म्हणून गेलात आणि पोरीला काही विचारलंत, तर एवढं करा. उत्तर तिच्या स्वतःच्या तोंडून येईपर्यंत पोह्यांना हात लावू नका.